चौरंगावरचा फराळ

लेकीचा पहिला दिवाळसण होता आणि लेकीला ताटं नको होती. तिला बोर्ड हवा होता.

दिवाळसण म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाला घरी बोलवायचं, ओवाळायचं, कपडे करायचे आणि तो पुरे म्हणेपर्यंत खायला घालायचं. आमच्या घरात तो पाडव्याला असतो, आणि या वेळी जावयाबरोबर विहीणबाईही येणार होत्या. मी ठरवलं होतं की सगळं रीतसर करायचं. पाट, ताटाभोवती रांगोळी, ताटात फराळाचा एकेक जिन्नस, बाजूला चांदीची वाटी. लेक पुण्याहून धनत्रयोदशीला आली ती फोन पुढे करतच आली. फोनवर एका रुंद लाकडी फळीचा फोटो होता. फळीवर बिस्किटं, चीजचे तुकडे, द्राक्षं, अक्रोड, जॅमच्या इवल्या वाट्या, आणि मांसाचे पातळ काप फुलासारखे गुंडाळून ठेवलेले. याला शार्क्युटरी बोर्ड म्हणतात, ती म्हणाली. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने नाताळात केला होता आणि सगळे त्याच्याभोवती जमून खात होते.

मी विचारलं, यात वाढायचं कुणी? ती म्हणाली, कुणीच नाही, ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं. मी म्हटलं, म्हणजे यजमानीणबाईंनी काहीच करायचं नाही, छान आहे. वर हेही सांगून टाकलं की पाडव्याला माझ्या घरात मांस येणार नाही. ती म्हणाली, मांस नकोच, फराळच मांडू, पद्धत तेवढी घेऊ. मी तरीही नाहीच म्हणत होते. वर्षातून एकदा चांदीची वाटी बाहेर निघते, ती मला काढायची होती.

मग ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिने खरं कारण सांगितलं. "आई, ताटं केली की कुणाचं ताट कुठे मांडायचं ते ठरवावं लागतं. कोण कुणाच्या पंगतीला, कोण आधी, कोण मागून. बोर्डवरून सगळे एकाच ठिकाणचं उचलतात. आप्पांनाही तिथूनच उचलावं लागेल."

आप्पा म्हणजे माझे थोरले दीर. माझे सासरे लवकर गेले, तेव्हा माझा नवरा शाळेत होता. भाऊजींनी स्वतःची शाळा सोडून ऊस सांभाळला, धाकट्या भावाला शिकवलं, फौजेत भरती केलं. नवरा सुभेदार होऊन निवृत्त झाला, आम्ही साताऱ्यात घर बांधलं, पण अजूनही भाऊजी आले की तो खुर्चीवरून उठतो आणि ते बसल्याशिवाय बसत नाही. लेकीला तर त्यांनी खांद्यावर घेऊन सगळं रान दाखवलं होतं. तिचं पहिलं प्रगतिपुस्तक त्यांनी गावभर मिरवलं होतं.

आम्ही मराठा, जावई बौद्ध. दोघे पुण्यात एकाच कंपनीत होते, तिथे जमलं, उन्हाळ्यात नोंदणी पद्धतीने लग्न झालं. आम्हाला ते पचायला वेळ लागला, पण पचलं. मुलगा चांगला होता, माझी लेक त्याच्याबरोबर हसत होती, आणि याहून जास्त काय पाहायचं ते मला कुणी सांगेना. भाऊजी लग्नाला आले नाहीत. ते वाईट काही बोलले नाहीत, बोलतही नाहीत. ते फक्त जिथे खाण्याची वेळ येईल तिथे नसतात. त्यांच्या घरी रानात कामाला येणाऱ्या माणसांचे चहाचे कप गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळे ठेवलेले असायचे. लेक लहान असताना तिने त्यातल्या एका कपातून पाणी प्यायलं होतं आणि घरात केवढा गोंधळ झाला होता. पुढे कागदी कप आले आणि सगळ्यांचीच सोय झाली.

"आप्पा माझ्या सासूबाईंबरोबर खाणार नसतील," लेक म्हणाली, "तर मी त्यांना पुन्हा या घरी आणणार नाही. आणि मग मीही किती येईन, ते मला सांगता येत नाही."

हे ती शंकरपाळ्याचे तुकडे करत म्हणाली, आवाज न चढवता. मला संताप आला. मी विचारलं, तू आम्हाला धमकी देतेस का? ती म्हणाली, नाही, आधी सांगून ठेवते, म्हणजे नंतर तुम्हाला वाईट वाटायला नको. मी कढईत चकल्या सोडत राहिले. वाईट तर मला तेव्हाच वाटायला लागलं होतं. एकुलती एक मुलगी दिवाळीलाही येणार नाही, हे माझ्या डोक्यात शिरलं आणि काही केल्या बाहेर जाईना.

त्याच दिवशी नवऱ्याने भाऊजींना फोन केला. बोलणं झाल्यावर तो कालनिर्णयासमोर जाऊन उभा राहिला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला की दादा येणार आहे, पण त्याच्या खाण्याचं काही करू नका म्हणाला, पाडव्याला सोमवार आहे, त्याचा उपास असतो.

सोमवार होता, हे खरं. पण श्रावण सोडला तर भाऊजींनी सोमवार धरलेला मी या घरात आल्यापासून पाहिलेला नाही. मागच्याच दिवाळीत सोमवारी दुपारी त्यांनी माझ्या हातच्या करंज्या खाल्ल्या होत्या आणि वर सारण कमी पडलंय असंही सांगितलं होतं. एखाद्याच्या घरचं खायचं नसलं की आपल्याकडे उपास लागतो. बोलून वाईटपणा घ्यावा लागत नाही आणि समोरच्यालाही काही म्हणता येत नाही. नवऱ्यालाही हे कळत होतं. पण भावाच्या बाबतीत तो नेहमीच मूग गिळून बसतो.

मी लेकीला हाक मारली आणि म्हटलं, कर तुझा बोर्ड. आणि त्याचा एक कोपरा मला दे. उपासाचा.

त्यानंतर तिने माघार घेतली असती तरी मी घेतली नसती. राजगिऱ्याचे लाडू, दाण्याचे लाडू, खजूर, बटाट्याचा उपासाचा चिवडा, केळी, सगळं मी स्वतः आणलं आणि केलं. कुणी काय खात नाही याची उजळणी करत मी बाजार फिरले. लेक म्हणाली, आई, हा बोर्ड आहे, सापळा नाही. मी म्हटलं, तुझा बोर्ड असेल.

फळीसाठी आमच्या आळीतल्या सुताराला सांगितलं होतं की साधी सागवानी फळी दे, रंधा मारलेली, बाकी काही नको. त्याने कौतुकाने विचारलं की कशाला हवी. मी म्हटलं, जावयाच्या दिवाळसणाला. झालं. जावयासमोर कोरी फळी कशी द्यायची म्हणून त्या बिचाऱ्याने तिला पॉलिशचे दोन हात मारून आणून दिली. तोंड दिसेल इतकी चकाकत होती. लेकीने तिच्यावर चीजचा एक तुकडा ठेवून पाहिला आणि थोड्या वेळाने मला चाखायला दिला. नवं कपाट चाटल्यासारखं लागलं. नवऱ्याने फळी गच्चीवर उन्हात ठेवली, तर उन्हाने वास आणखी सुटला.

घरात तेवढी मोठी लाकडी वस्तू दुसरी एकच होती. मी देवघरातून चौरंग काढला. आदल्या संध्याकाळी त्याच्यावर लक्ष्मीपूजन झालं होतं. चांगला जाडजूड, सागवानीच, चार पायांचा, पॉलिश कधीच उडून गेलेलं. धुतला, पुसला, पण एका कोपऱ्यातला कुंकवाचा डाग जाईना, म्हणून वर केळीचं पान अंथरलं. लेकीला पान फार आवडलं. म्हणाली, फोटोतल्यापेक्षा छान दिसतंय.

मांडायला नवराही आला. फौजेतला माणूस. त्याने चकल्या एका रेषेत लावल्या, लाडू तिनातिनाच्या रांगेत उभे केले आणि करंज्यांची तोंडं एका दिशेला वळवली. लेक म्हणाली, बाबा, हे परेड मैदान नाही, हे सांडल्यासारखं दिसायला हवं. तो म्हणाला, सांडल्यासारखंच हवं तर मांडायचं कशाला. दोघांचं बराच वेळ चाललं होतं. शेवटी अर्धा चौरंग शिस्तीत आणि अर्धा सांडलेला, अशी तडजोड झाली. कंदी पेढे, अनारसे, करंज्या, वाट्यांतून चिवडा आणि शेव, खारी बिस्किटं, चीज, सफरचंदाच्या फोडी. पाचगणीची स्ट्रॉबेरी यायला अजून अवकाश होता म्हणून तिथलाच जॅम. आणि उजव्या हाताला माझा उपासाचा कोपरा, बाकी कशाचाही कण त्यात जाणार नाही असा.

लेकीने लांबून पाहिलं आणि म्हणाली की मधोमध काहीतरी उंच हवं. मी तांब्याचा तांब्या घेतला, त्यात गाजरं पाल्यासकट उभी केली. मोकळ्या जागा भरायला फोटोत कसलीशी हिरवी पानं होती. आमच्याकडे झेंडू होता, झेंडू लावला. सणाचं वाटावं म्हणून तिने चार कोपऱ्यांना चार पणत्या ठेवल्या. मला सगळं फार सुरेख वाटलं आणि मी तसं म्हटलंसुद्धा. खरं तर माझं लक्ष माझ्या कोपऱ्याबाहेर नव्हतंच.

जावई आईला आणायला सांगलीला गेला होता, तिथून तो आणि विहीणबाई सकाळीच निघाले होते. विहीणबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, मिरज तालुक्यातल्या खेड्यांतून नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान गेल्यावर मुलाला एकटीने वाढवलं. अंगाने बारीक, पाठ ताठ, बोलणं थोडं आणि नेमकं. वर्गात त्यांच्यासमोर कुणी गडबड करत नसणार, हे पाहूनच कळतं. त्यांनी घरी केलेला भडंगाचा डबा आणि बेदाण्यांची पिशवी आणली होती. डबा माझ्या हातात देताना म्हणाल्या, तिखट आहे हां.

चौरंग बैठकीच्या खोलीत मधोमध होता, पणत्या लावलेल्या. भाऊजी यायचे होते, पण माणसं लांबून आलेली, म्हणून मी म्हटलं, घ्या ना, सुरुवात करा. विहीणबाईंनी चौरंगाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "होऊ द्या तुमचं सावकाश." मला वाटलं, रीतभात. मी पुन्हा म्हटलं. त्या हसल्या आणि त्यांनी आपली खुर्ची थोडी मागे घेतली. जावयाने आईकडे पाहिलं आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसला.

पाहुण्यांनी हात लावल्याशिवाय घरच्यांनी खायचं नसतं. त्यामुळे आम्हीही नुसतेच बसलो. सांगलीत हळदीला काय भाव आहे, हायवेचं काम कुठवर आलंय, हे बोलणं झालं. चीज घामेजायला लागलं. लेक उठून स्वयंपाकघरात गेली, तिच्यामागे मी गेले. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, त्या आपल्याकडचं खात नाहीयेत आई, तू काही बोललीस का? मी म्हटलं, मी काय बोलणार, मी चारदा घ्या म्हटलं. मला रडू यायचं बाकी होतं. तीन दिवस मी एका माणसाने खावं म्हणून झटले होते, आणि ज्यांच्यासाठी सगळं चाललं होतं त्यांनीच खुर्ची मागे सरकवली होती. मला अपमानही वाटत होता, आणि तो कुणी केला ते कळत नव्हतं.

तेवढ्यात भाऊजी आले. खांद्यावर उसाच्या कांड्यांची मोळी, हातात पिशवी. त्यांनी नळावर पाय धुतले, आत आले, सगळ्यांकडे एकदा पाहून मान हलवली. मग त्यांची नजर चौरंगावर गेली. ते थांबले, टोपी सारखी केली, वाकले आणि त्यांनी चौरंगाला मनोभावे नमस्कार केला. पिशवीतून नारळ काढला आणि तो गाजरांच्या तांब्यापाशी, चीजला टेकवून ठेवला. मग नवऱ्याला म्हणाले, "आरती झाली का व्हायची हाय?"

तेव्हा मला दिसलं. चौरंग, केळीचं पान, झेंडू, चार पणत्या, मधोमध तांब्याच्या कलशातून वर आलेली हिरवी पानं आणि भोवती फराळ. आम्ही पूजा मांडली होती. देव तेवढा नव्हता, त्याच्या जागी गाजरं होती. एरवी मी हसून लोळले असते. पण विहीणबाईंकडे लक्ष गेलं आणि हसू विरलं. त्या मान खाली घालून पदराचं टोक नीट करत होत्या.

"दादा, पूजा न्हाई ती," नवरा म्हणाला. "खायाचं हाय ते. पाव्हण्यांसाठी."

"चौरंगावर?" भाऊजींनी खुर्चीत टेकत विचारलं.

मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. फळी, सुतार, पॉलिशचा वास, कुंकवाचा डाग. जावई पहिल्यांदा हसला. विहीणबाईही थोड्या हसल्या. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. म्हणाल्या, त्यांनाही पूजाच वाटली, म्हणून त्या मागे बसल्या. गाडीतच त्यांनी मुलाला सांगून ठेवलं होतं की तुझ्या सासुरवाडीचं जे काही देवाचं असेल ते होऊ द्यायचं, आपण हात लावायचा नाही.

मी म्हटलं, अहो पण लावला असता तर काय झालं असतं? हे मी अगदी सहज म्हटलं. बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय विचारलंय.

त्यांनी त्याचं उत्तर दिलं. त्या लहान असताना त्यांच्या आईच्या गावी एका मोठ्या घरात लग्न होतं. यांची माणसं अंगणाच्या कडेला बसवली होती, आणि वाढणारा हात वर धरून भात खाली सोडत होता, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. त्यांनी पोरपणाने पुढे होऊन चौरंगावरच्या प्रसादाला हात लावला. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. गावाचं नावही सांगितलं नाही. त्यांच्या वडिलांनी घरी आणून त्यांना एवढंच बजावलं होतं की जिथे आपल्या हाताचा विटाळ होतो, तिथे हात लावायचा नाही आणि मागायचंही नाही. ते त्यांनी आजवर पाळलं होतं. भीतीने नाही, त्या म्हणाल्या, तुम्ही तसं समजू नका.

हे सगळं त्यांनी वर्गात धडा समजावून सांगावा तशा आवाजात सांगितलं. मग त्या भाऊजींकडे वळल्या आणि त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "दादा, आता इचारते. या चौरंगाला माझा हात लागला, तर तुमी यातलं खाल?"

लेक दाराच्या चौकटीत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, वडिलांकडेही पाहिलं नाही. ती आप्पांकडे पाहत होती, आणि लहानपणी त्यांच्या खांद्यावरून उतरायला तयार नसायची तेव्हाचा हट्ट त्या नजरेत होता.

"माझा उपास हाय आज," भाऊजी म्हणाले. "सोमवार."

मला तोंड उघडायचं होतं. कोपरा माझा होता, तीन दिवस मी याच क्षणाची वाट पाहत होते. पण थोरल्या दिरासमोर उभं राहून, तुमचा उपास खोटा आहे, हे म्हणायचं धाडस मला होईना. मला स्वतःचीच चीड आली.

विहीणबाईंनी चौरंग पाहिला. शिक्षिका त्या, त्यांना काय कळायला वेळ लागतो. त्या उठल्या, पुढे झाल्या, एक वाटी घेतली. माझ्या कोपऱ्यातला राजगिऱ्याचा लाडू, दोन खजूर आणि एक केळं त्यांनी हाताने उचलून वाटीत ठेवलं. सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. मग ती वाटी भाऊजींच्या समोर धरली.

"हे उपासाला चालतंय," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या घरचंच हाय. मी नुसतं उचललंय."

भाऊजींनी वाटी घेतली नाही. ते नवऱ्याकडे पाहत होते. लहानपणापासून असल्या वेळी त्यांचा भाऊ विषय बदलायचा, कुणाला तरी चहाला सांगायचा, उठून जायचा. मीही तेच गृहीत धरलं होतं.

"दादा, घे," नवरा म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने थोरल्या भावाला काय कर ते सांगितलं. मला त्याचा अभिमान वाटला, आणि इतका उशीर लावला म्हणून रागही आला. दोन्ही एकदमच आलं.

भाऊजींनी वाटी घेतली. ती मांडीवर ठेवून ते बसून राहिले. नाही म्हणायला आता काही उरलं नव्हतं आणि हो म्हणायची त्यांना सवय नव्हती. शेवटी त्यांनी लाडू उचलला आणि, माणूस कडू औषध संपवतो तसा, अख्खाच्या अख्खा तोंडात टाकला.

राजगिऱ्याचा लाडू असा खायचा नसतो. तो कोरडा, भुसभुशीत. त्यांना एकदम जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, मान लाल झाली, श्वास आत जाईना. मी स्वयंपाकघराकडे धावले. पण जावई त्यांच्या शेजारी बसला होता आणि त्याच्यासमोर त्याच्यासाठी भरून ठेवलेला पेला होता. त्याने एका हाताने भाऊजींची पाठ धरली आणि दुसऱ्या हाताने पेला त्यांच्या तोंडाला लावला. ते गटागटा प्यायले. सगळा पेला.

मी तांब्या घेऊन परत आले तेव्हा ते रिकामा पेला हातात धरून बसले होते आणि त्याकडे पाहत होते. पाणी कुणाच्या हातचं, याचं काय असतं हे आमच्या पिढीला कुणी समजावून सांगावं लागत नाही. लाडू आमच्या घरचा होता, नुसता उचललेला होता, त्याला काहीतरी पळवाट होती. पाण्याला नव्हती. जावयाला काय झालं ते कळलंच नव्हतं, तो अजून त्यांची पाठ चोळत होता आणि विचारत होता, आता बरं वाटतंय का, आता बरं वाटतंय का.

हे चुकून झालं, असं म्हणून सुटता आलं असतं. जीव घाबरला होता, कुणाचाही पेला घेतला असता. मी भाऊजींच्या तोंडाकडे पाहत होते. आता हे उठतील, चूळ भरायला नळावर जातील, आणि तिथेच सगळं संपेल. माझी मुलगी मला दिवाळीला दिसणार नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पंच्याने तोंड पुसलं. ते उठायला लागले असं मला वाटलं. ते उठले नाहीत, जरा पुढे सरकून बसले.

मी तांब्या घेऊन तिथेच उभी होते. त्यांना नुसता हात माझ्याकडे करायचा होता. तो त्यांनी केला नाही. त्यांनी पेला जावयाच्या पुढे धरला.

"वाईच अजून दे, बाळा," ते म्हणाले.

जावयाने माझ्या हातातून तांब्या घेतला आणि पेला भरला. भाऊजी या वेळी सावकाश प्यायले, घोट घोट घेऊन, पोरीकडे पाहत. लेक चौकटीतून आली आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. विहीणबाई अजून उभ्याच होत्या. पेला खाली ठेवल्याचा आवाज झाल्यावर त्यांनी वाकून चौरंगावरची एक चकली उचलली, तिचा तुकडा मोडला आणि खाल्ला.